युद्धानंतरची तेजी आणि मुंबईचे कारखाने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी मी लोकांना गिरणगाव दाखवते. करी रोडच्या पुलापासून सुरुवात, काळाचौकीला शेवट, मध्ये एक चहा. दोन-अडीच तासांत जे प्रश्न येतात ते दर वेळी साधारण तेच असतात, आणि बसच्या हॉर्नमध्ये चालता चालता त्यांची धड उत्तरं देता येत नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवली आहेत. माझे आजोबा साचाखात्यात होते, म्हणजे माग चालवायचे. त्यामुळे मी तटस्थ असेन अशी अपेक्षा ठेवू नका.

"युद्धानंतरची तेजी" म्हणजे नेमकं कोणत्या युद्धानंतरची?

मुंबईला तीन लढायांनी पैसा दाखवला, आणि तिन्ही लांब कुठेतरी लढल्या गेल्या.

पहिली अमेरिकेतली यादवी, १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस लँकेशायरला, म्हणजे इंग्लंडच्या गिरण्यांच्या मुलखात, जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ही तेजी खरं तर युद्धातली. लढाई संपली आणि कापूस, शेअर, बॅकबेच्या भरावाची कंपनी, सगळं एका दमात कोसळलं. प्रेमचंद रायचंदांसारखा कापसाचा राजासुद्धा त्यात बुडाला. त्यांनी दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला.

दुसरी पहिल्या महायुद्धाची. १९१७ ते १९२२ या काळात गिरण्यांनी असा नफा कमावला की काहींनी ४० टक्क्यांच्या घरात लाभांश वाटला. गिरण्या फुगवलेल्या किमतींना हातोहात विकल्या गेल्या. मग जपानी कापड आलं, मंदी आली आणि फुगलेलं भांडवल गळ्यात अडकलं. त्या तेजीची एक खूण अजून दिसते: बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता, त्याचा आधार घेऊन त्या बांधल्या.

तिसरी दुसऱ्या महायुद्धाची. ती युद्धात सुरू झाली, पण तिची शेपटी साठच्या दशकापर्यंत पोचली. हे पान मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

लढाईत तर सगळं मोडतं. मग नंतर तेजी येते कशी?

मोडलेलं परत बांधायला लागतं म्हणून, असं उत्तर लोक देतात. ते अर्धंच आहे. मागणी भरपूर आहे पण खिशात पैसा नाही आणि बनवणारे हात नाहीत, तर तिला तेजी म्हणत नाहीत, हाल म्हणतात.

१९४५ नंतर काही गोष्टी एकत्र जुळून आल्या. लढाईच्या वर्षांत लोकांना पगार मिळत होता, पण विकत घ्यायला काही नव्हतं. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ पासून लढाई संपत येईपर्यंत साध्या गिऱ्हाइकासाठी मोटार बनतच नव्हती. ते कारखाने रणगाडे आणि विमानं बनवत होते. लढाई संपल्यावर तेच कारखाने आणि तेच कामगार मोटारी आणि फ्रिजकडे वळले आणि साठलेला पैसा बाहेर आला. पश्चिम युरोपला मार्शल योजनेतून १९४८ ते १९५२ या काळात सुमारे १३ अब्ज डॉलर मिळाले. जर्मनीची शहरं बेचिराख झाली होती, पण कारखान्यांतली यंत्रं वाटली त्यापेक्षा बरीच शाबूत निघाली आणि ती चालवणारे लोक जागेवर होते.

म्हणजे पाहायचं असतं ते हे: यंत्र कोणत्या अवस्थेत आहे, आणि हाताशी आलेला पैसा यंत्राकडे जातो की दुसरीकडे. मुंबईची गोष्ट इथेच वाकडी होते.

मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत. मग इथे तेजी कसली?

मागणीची. डिसेंबर १९४१ मध्ये जपान लढाईत उतरला आणि जपानी कापड बाजारातून एका झटक्यात गेलं. विलायती माल आणायला जहाजं मोकळी नव्हती. लष्कराला खाकी हवी होती, तंबूचं कापड हवं होतं. मध्यपूर्वेत आणि आफ्रिकेतही आपलं कापड जाऊ लागलं. गिरण्यांनी तिसरी पाळी सुरू केली आणि साचे चोवीस तास खडखडू लागले. गिरण्यांतल्या कामगारांचा आकडा दोन लाखांच्या वर गेला. आजोबा १९४२ ला देवरुखहून आले ते याच तिसऱ्या पाळीच्या भरतीत. आधी बदली कामगार होते. रोज दारावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर जॉबर (भरती करणारा मुकादम) आत घेणार, नाहीतर परत खोलीवर.

बॉम्ब पडले नाहीत हे खरं. पण १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं, तेव्हा मुंबईला लढाई कळली. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि वर कापसाच्या गाठी. सोन्याच्या विटाही होत्या, त्यातली एक लांबच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली. शेकडो माणसं गेली. अग्निशामक दलाचा दिवस देशभर १४ एप्रिलला पाळतात तो यामुळेच. (फेरीतल्या मुलांना फक्त सोन्याची वीट लक्षात राहते. असू दे.)

मग गिरणी कामगाराच्या हातात पैसा आला का?

नोटा आल्या. त्यांना पूर्वीइतकं धान्य येईना.

लढाईच्या वर्षांत मुंबईत राहणीचा खर्च दुपटीहून जास्त झाला. सरकार लष्करासाठी माल उचलत होतं, त्याचे पैसे नोटा छापून भागत होते, आणि बाजारात माल कमी. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडून लाखो लोक मेले, तोही या महागाईच्या सावलीतच. मुंबईत महागाई भत्ता राहणीच्या खर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला होता, म्हणून इथला कामगार कसाबसा तगला. गिरणगावातली जुनी माणसं निर्देशांकाचा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा सांगायची, त्याचं कारण हे. तो एक पॉइंट वर गेला की पगारात किती पडणार हे त्यांना तोंडपाठ असे.

कापडाचं तर विचारूच नका. १९४३ च्या जूनमध्ये कापडावर आणि सुतावर नियंत्रण आलं आणि प्रत्येक ठाणावर किंमत छापायची सक्ती झाली. आमच्या घरात रेशनला अजूनही "कंट्रोल" म्हणतात. आजी सांगायची, नवरा आठ-आठ तास साच्यापुढे उभा राहून कापड विणतोय, आणि आपण पहाटेपासून कंट्रोलच्या दुकानासमोर पाच वार कापडासाठी उभ्या. आपला नंबर येईपर्यंत ठाण संपलेलं असायचं. त्यातल्या एका कापडाचा काठाकडचा तुकडा तिने जपून ठेवला होता. हाताएवढा, मळकट पांढरा, त्यावर निळ्या शाईत उमटवलेली किंमत. अक्षरं आता पुसट झाली आहेत, पण रुपये-आणे-पै वाचता येतात.

बोनस हा प्रकार तेव्हाचाच का?

मुंबईच्या गिरण्यांत तो रुजला तो याच काळात. पहिल्या महायुद्धातही थोडाफार दिला गेला होता, पण दर वर्षी बोनस मिळायला हवा ही अपेक्षा चाळीसच्या दशकात पक्की झाली. मालक त्याला बक्षीस म्हणत, कामगार आपला वाटा म्हणत. भांडण त्या एका शब्दाचं होतं.

१९४९ च्या बोनसवरून १४ ऑगस्ट १९५० ला संप सुरू झाला. समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेचा संप, सुमारे दोन लाख कामगार, ६३ दिवस. मागणी पदरात न पडता तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी लेबर अपेलेट ट्रिब्युनलने (कामगार तंट्यांच्या अपील न्यायाधिकरणाने) गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या दाव्यात बोनसचं एक सूत्र घालून दिलं. देशभरच्या कारखान्यांचा बोनस पुढे पंधरा वर्षं, म्हणजे १९६५ चा बोनस कायदा येईपर्यंत, त्यावरच ठरत होता.

सूत्र असं: नफ्यातून आधी घसारा वजा करायचा, मग जुनी यंत्रं बदलण्यासाठीची तरतूद, मग भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के आणि गुंतलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी परतावा. एवढं काढून जे उरेल त्यात कामगाराचा बोनस. वाचायला सरळ आहे. पण यंत्रं बदलायची तरतूद बोनसच्या आधी आहे, हे बघा. ती तरतूद फुगवून दाखवली की बोनस आपोआप आटतो. आजोबांच्या गिरणीत (नाव लिहीत नाही) दर वर्षी या खात्यावर पैसे बाजूला पडल्याचं सांगितलं जाई आणि खात्यात साचे मात्र तेच, पहिल्या महायुद्धाच्या आधीचे. ते म्हणायचे, "आमच्या बोनसमधून घेतलेली यंत्रं कुठे उतरली ते बघायला मी एकदा गोदीवर जाणार आहे."

एवढा नफा झाला तर मालकांनी नवी यंत्रं का नाही आणली?

मालकांच्या बाजूने बोलायचं तर लढाई चालू असताना आणणं शक्यच नव्हतं. साचे, रिंगा (सूत कातायची यंत्रं), सगळं लँकेशायरहून यायचं, आणि तिकडचे यंत्रकारखाने दारूगोळ्याला लागले होते. शिवाय १९४० पासून जादा नफ्यावर कर होता, तो १९४१ मध्ये दोन तृतीयांशावर गेला. लढाई संपल्यावर सगळं जग एकदम यंत्रं मागायला लागलं, तेव्हा ऑर्डर देऊन वर्षानुवर्षं थांबावं लागे.

मग फाळणी. लांब धाग्याच्या कापसाचा मोठा मुलूख, पश्चिम पंजाब आणि सिंध, पाकिस्तानात गेला, गिरण्या इकडे राहिल्या. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही, आणि दोन्ही देशांमधला व्यापारच अडकला. कापसावाचून पाळ्या बंद ठेवायची वेळ आली.

एवढं सगळं मान्य. तरीही मला वाटतं की खरी चूक त्यानंतरची आहे. चोवीस तास चाललेली यंत्रं १९४५ ला दुप्पट म्हातारी झाली होती. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कोरियाच्या लढाईने पुन्हा कापडाला भाव आला, तेव्हा हातात पैसा होता आणि यंत्रंही मिळू लागली होती. काही मोजक्या गिरण्यांनी कात टाकली. बाकीच्यांनी नफा वाटला किंवा दुसऱ्या धंद्यांत वळवला, आणि काम वाढवायचं तर यंत्राऐवजी माणसावर वाढवलं: दोन साच्यांवरून चार साचे. त्याला "रॅशनलायझेशन" असं भारदस्त नाव होतं. १९५६ मध्ये सरकारने हातमागाला वाचवण्यासाठी गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली, आणि ती जागा हातमागाने न घेता भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी घेतली. मालकांना सबब मिळाली ती कायमची.

नवे कारखाने मग कुठून आले?

लढाईतूनच. पण दुसऱ्या वाटेने. परदेशी माल यायचा थांबला की जे इथे बनत नव्हतं ते इथे बनवावं लागतं.

दोन डॅनिश इंजिनियर, होल्क-लार्सन आणि टुब्रो, यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली होती ती डेन्मार्कची दुग्धयंत्रं आणून विकायला. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला, माल बंद. मग हेच दोघे यंत्रं स्वतः बनवू लागले, लढाईत जहाजांची दुरुस्ती करू लागले. १९४६ ला कंपनी झाली, १९४८ ला पवईला जागा घेतली. तेव्हा पवई म्हणजे तलाव आणि झाडी.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या मोटारी आणि ट्रक जोडले जात, पुढे फियाट आली, आणि त्याच वंशातली पद्मिनी काळीपिवळी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. महिंद्रा अँड मोहम्मद ही १९४५ ची पोलादाची पेढी. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पेढी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली, आणि माझगावात विलीस जीपचे सुटे भाग जोडले जाऊ लागले. जीप हे तर लढाईचंच अपत्य. गोदरेज लालबागला १८९७ पासून कुलपं बनवत होते. त्यांनी चाळीसच्या दशकात विक्रोळीला जमीन घेतली. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या तिथे बनल्या. १९५५ मध्ये टाइपरायटर.

त्यानंतर पूर्व किनाऱ्यावर ट्रॉम्बे-माहूल. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची रिफायनरी, १९५५ मध्ये बर्मा शेलची. आज त्यांना एचपीसीएल आणि बीपीसीएल म्हणतात. शेजारी अणुशक्ती केंद्र, तिथली अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. १९६५ मध्ये खत कारखाना. आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत इंजिनियरिंग, औषधं, टायर यांची रांग लागली. भांडुपचा सिएट १९५८ चा. १९६२ च्या १ ऑगस्टला एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून पुढे बेलापूरकडे कारखाने सरकत गेले.

१९५१ ते १९६५ या काळात देशाचं औद्योगिक उत्पादन वर्षाला सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. मुंबईची खरी युद्धोत्तर तेजी ही. ती गिरणगावात झाली नाही, कुर्ल्याच्या पुढे झाली. लालबागच्या घराघरात मोठा मुलगा गिरणीत आणि धाकटा "कंपनीत" अशी वाटणी होऊ लागली. कंपनीत कॅन्टीन होतं, बस होती, युनिफॉर्म होता. लग्नाच्या बाजारात कंपनीवाल्याला भाव होता. आमचे काका कंपनीवाले, त्यामुळे हे आमच्या आईकडून फार वेळा ऐकलं आहे.

बॉम्बे प्लॅन म्हणजे काय?

लढाई चालू असतानाच, जानेवारी १९४४ मध्ये, आठ जणांनी मांडलेली योजना: पुरुषोत्तमदास ठाकूरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, अर्देशीर दलाल, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई. पंधरा वर्षांत १०,००० कोटी रुपये घालायचे आणि दरडोई उत्पन्न दुप्पट करायचं. गंमत म्हणजे उद्योगपतींनी स्वतःच लिहिलं होतं की मूलभूत उद्योगांत सरकारने उतरावं. योजना तशीच्या तशी अमलात आली नाही. पण "लायसन्स राज नेहरूंनी उद्योगपतींच्या माथी मारलं" असं कुणी म्हणालं की मला ही आठ नावं आठवतात. बाहेरच्या स्पर्धेपासून संरक्षण त्यांनाही हवंच होतं.

जपान पुढे गेला. आपण का नाही?

हा प्रश्न प्रत्येक फेरीत एक तरी काका विचारतात, आणि उत्तर त्यांच्याकडे तयार असतं: "आपल्या लोकांना शिस्त नाही." मला ते पटत नाही.

१९४९-५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. जून १९५० मध्ये कोरियाची लढाई सुरू झाली आणि अमेरिकी लष्कराने ट्रकची ऑर्डर दिली. जीव वाचला. त्याच वर्षी कुर्ल्यातही गाड्या जोडल्या जात होत्या. म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर अंतर फार नव्हतं. पुढे फरक पडला तो दोन गोष्टींनी. जपानने घरचा बाजार राखला, पण कारखान्यांना बाहेर विकायला भाग पाडलं. आपण १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर नुसती जोडणी करणाऱ्यांना रस्ता दाखवला (शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ ला बंद झाला) आणि उरलेल्या मोजक्या कारखान्यांना बांधलेलं गिऱ्हाईक दिलं. ज्याच्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावतात त्याने गाडी सुधारायची कशाला? १९५१ च्या कायद्याने कारखाना वाढवायलाही परवाना लागे. दुसरं म्हणजे शाळा आणि शेती. जपानी कामगार वाचू शकत होता, आणि जमीनसुधारणेनंतर जपानी शेतकरी शिलाई मशीन विकत घेऊ शकत होता. आपल्या शेतकऱ्याच्या हातात तेवढा पैसा कधी आलाच नाही.

इंग्रजांनी आपले लढाईचे पैसे बुडवले का?

बुडवले नाहीत, अडकवले. लढाईत भारताने ब्रिटनला माल आणि सैन्य पुरवलं, त्याची उधारी लंडनमध्ये पौंडांत साठत गेली. लढाई संपली तेव्हा ती सुमारे १३० कोटी पौंड होती, तेव्हाच्या हिशेबाने सतराशे कोटी रुपयांच्या घरात. ब्रिटन कफल्लक झालं होतं, त्यामुळे पैसे थोडे थोडे सुटले. त्यातले काही पाकिस्तानला गेले, काही निवृत्तिवेतनांत आणि लष्करी सामानात वळते झाले, बरेच धान्य आयातीत गेले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रांनी उरलेले संपवले आणि १९५७ ला परकीय चलनाची चणचण उभी राहिली. ज्या पैशासाठी बंगालात माणसं उपाशी मेली, तो असा गेला.

कामगार राहत कुठे होते?

एकमेकांच्या अंथरुणावर. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. गाळ्यात पंधरा-वीस जण, ट्रंका भिंतीला, आणि पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच चटईवर आडवा. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबावर. लढाईने तिसरी पाळी आणली आणि त्याच जागेत आणखी माणसं मावली, ती या रीतीने.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. त्याने आमच्यासारखी कुटुंबं मुंबईत टिकली. त्यानेच भाड्याची नवी घरं बांधणंही आटलं. त्यातच फाळणीचे निर्वासित आले. १९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबई जवळपास ३० लाखांची, १९६१ ला ४१ लाखांची. कारखाने मागवत राहिले, घरांचं कुणी बघितलं नाही. झोपडपट्टी म्हणजे या तेजीचीच वसाहत आहे.

गिरण्यांत बायका होत्या का?

होत्या. तीसच्या दशकात दर पाचांत साधारण एक. कांड्या भरणं, वायंडिंग, रीळ ही खाती त्यांची. रात्रपाळीला बायकांना बंदी होती, त्यामुळे तिसऱ्या पाळीची भरती सगळी पुरुषांची झाली. मग वेतनाचं प्रमाणीकरण झालं, बाळंतपणाची रजा द्यावी लागू लागली, वायंडिंगला वेगवान यंत्रं आली, आणि मालकांनी बायका घेणं बंद केलं. म्हणजे नव्या यंत्रांसाठी जो थोडा पैसा खर्च झाला तो आधी बायकांच्या खात्यात, हेही लिहून ठेवते. गिरणीतून बाहेर पडलेल्या बायकांनी चुलीवर गिरणी चालवली: खानावळी. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी.

तेजी संपली कधी?

एक तारीख नाही. १९६५ ची लढाई, लागोपाठ दोन दुष्काळ, ६ जून १९६६ चं अवमूल्यन. कारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या. गिरण्या त्याआधीच आजारी पडत होत्या. १९६८ मध्ये आजारी गिरण्या सांभाळायला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ निघालं.

लोक १९८२ म्हणतात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत जायला गिरणीच उरली नाही. पण त्या संपातली एक मागणी १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायदा रद्द करा अशी होती. त्या कायद्याने एका धंद्यात एकाच युनियनला बोलायचा अधिकार दिला होता, मग कामगार कुणाच्याही मागे असोत. म्हणजे १९८२ ला जे साचे बंद पडले ते लढाईआधीचे, आणि जे भांडण पेटलं ते लढाई संपल्यावरचं.

आज बघायला काय आहे?

मॉल झालेल्या गिरण्यांची चिमणी, बीडीडीच्या जागेवरचे टॉवर. बसने जायचं तर कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत शास्त्री मार्गाने जा आणि थांब्यांची नावं वाचा. कारखाना पाडला तरी थांबा त्याचंच नाव सांगतो.

तुमच्या आजोबांचं काही आहे का?

एक लोखंडी कपाट आहे. विक्रोळीचं. १९६३ च्या दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं. हातगाडीवरून लालबागला आणलं आणि चौघांनी चाळीचा जिना चढवलं. दहा बाय सोळाच्या खोलीत ते ठेवायला पलंग विकावा लागला, म्हणून आजी महिनाभर बोलत नव्हती. नव्या इमारतीत गेलो तेव्हा ते लिफ्टमध्ये मावलं नाही, पुन्हा जिन्यानेच गेलं. दाराला एक पोचा आहे, हँडल अजून एका झटक्यात बसतं. वरच्या कप्प्यात आजीचा कंट्रोलच्या कापडाचा तुकडा आहे. फेरीला पाऊस नसेल तर मी तो सोबत आणते, पण हात धुतलेले असतील तरच हातात देते.